रुखवतातला बर्फ

माझ्या लग्नात माझ्यापेक्षा माझ्या चित्राचीच चर्चा जास्त झाली, आणि ती काही कौतुकाची नव्हती. आजही एखाद्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात रुखवत मांडलेलं दिसलं, की मी कुणाला तरी शोधल्यासारखं करते आणि पंगतीकडे सटकते. बायका हाका मारतात, "या की, बघा तरी पोरीनं काय काय केलंय." मी म्हणते, गुडघा दुखतोय. गुडघ्याचा आणि रुखवताचा काय संबंध, हे अजून कुणी विचारलं नाही हे माझं नशीब.

माझं माहेर महाळुंगे पडवळ. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा स्वतः जेमतेम शाळा शिकलेले, पण पोरीनं शिकलं पाहिजे या बाबतीत महाहट्टी. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या मुली दहावी झाल्या की लग्नाला उभ्या राहायच्या, आणि मी नारायणगावला एसटी बदलून जुन्नरला बारावी करत होते. भावकी म्हणायची, पोरगी काय कलेक्टर होणारे का? दादा म्हणायचे, व्हईल न्हाईतर न्हाई, तुमच्या का पोटात दुखतंय?

कलेक्टर तर मी झाले नाही. पण कॉलेजशेजारच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते, त्यांच्या वर्गात मोकळ्या तासाला जाऊन बसायला लागले. सरांच्या कपाटात एक परदेशी कॅलेंडर होतं. वर्ष केव्हाच संपलेलं, पण चित्रं होती म्हणून जपलेलं. त्यातल्या एका पानावर हिवाळ्यातलं खेडं होतं. वळत गेलेला रस्ता, दोन्ही बाजूंना निष्पर्ण झाडं, उतरत्या छपरांची घरं, आणि सगळ्यावर बर्फ. रस्त्यावरून दोन माणसं पाठमोरी चाललेली. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे, सुटे सुटे ठिपके. दोन पावलं मागं सरकलं की एकदम गाव उभं राहायचं. मला तर वेडच लागलं. पुढं जायचे, मागं यायचे, पुन्हा पुढं. सर हसायला लागले.

"ह्या लोकांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात," सर म्हणाले. "हे घर काढत नाहीत, घरावर पडलेला उजेड काढतात. हा बर्फ बघ. कुठं आहे यात पांढरा रंग?"

बघितलं तर खरंच नव्हता. गुलाबी होता, पिवळट होता, आणि झाडांच्या सावल्या चक्क निळ्या होत्या. चित्रकाराचं नाव सरांनी सांगितलं होतं, पण ते मला कधी धड म्हणता आलं नाही. ते पान सरांनी मला देऊन टाकलं. म्हणाले, "करून बघ. आधी सावल्या कर, पांढरा सगळ्यात शेवटी. आणि काळी ट्यूब फेकून दे."

तेवढ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा पिंपरी पेंढारचा, बागाईतदाराचा, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. मी नाही म्हणायला काही कारण नव्हतं. आता आमच्याकडे लग्न ठरलं की पोरगी रुखवताला लागते. थर्माकोलचं देऊळ, काडेपेटीच्या काड्यांची बैलगाडी, लोकरीचा गणपती, मण्यांचं तोरण. पोरीच्या हातात किती कला आहे हे सासरच्यांना दाखवायचं. माझी आई गेलेली, त्यामुळे हे सगळं चुलतीनं आणि शेजारणींनी वाटून घेतलं. मी दादांना म्हटलं, मी एकच वस्तू करणार, आणि ती हे चित्र.

दादांनी कॅलेंडरचं पान हातात धरून लांबून, जवळून बघितलं. "हे कुठलं गाव गं?"

"परदेशातलं. बर्फ पडलाय."

"सावली निळी कशी? येडा व्हता का काय हा?"

ते कुरडया घालायचे दिवस होते. चुलतीनं अंगणात पांढरं धोतर पसरून त्यावर कुरडया घातल्या होत्या, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात लिंबाच्या झाडाची सावली त्या धोतरावर पडली होती. मी सहज बघितलं आणि दादांना हाका मारत सुटले. दादा गोठ्यातून धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला. मी म्हटलं, "दादा, सावली बघा. कुठला रंग आहे?"

त्यांनी डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आयला, निळीच हाय की!"

त्या दिवसापासून चित्र माझ्याइतकंच त्यांचं झालं. जुन्नरच्या बाजारात जाऊन रंग त्यांनी आणले. मी प्लायवूडवर रंगवत बसले की ते पडवीत पाय पसरून बघत बसायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, "हिकडून न्हाई, तिकडून बघा. लांबून. लांबून बघायचं असतं हे." चित्र झालं तेव्हा पेठेतून सोनेरी पट्टीची फ्रेम करून घेतली आणि येताना एसटीत मांडीवर धरून आणली. कंडक्टर म्हणाला, वर टपावर टाका. दादा म्हणाले, मंग मीच टपावर बसतो.

लग्न वैशाखात, आमच्या दारात. त्याच्या आधल्याच आठवड्यात पिंपरी पेंढारला गारा पडल्या. काढून शेतात पसरलेला कांदा चेचला गेला, टोमॅटोच्या नुसत्या काठ्या-सुतळ्या उरल्या, झाडांना पान राहिलं नाही. निरोप आला, लग्न पुढं ढकलायचं नाही, पण वाजंत्री कमी करा. दादा लगेच जाऊन भेटून आले. येऊन मला म्हणाले, "लई वाईट झालं बघ. गाव पांढरं पडलं व्हतं म्हणं." मी "अरे देवा" म्हटलं आणि पुन्हा मेंदी काढून घ्यायला बसले. आमच्या घरात डोकी काय कमी होती? पण एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रुखवत बघायला वरमाईला मानानं आणायची रीत आहे. मी आत गौरीहरापुढं बसले होते. खिडकीतून मांडवाचा तो कोपरा बरोबर दिसत होता. दादांनी देऊळ, बैलगाडी सगळं बाजूला सारून मधोमध माझं चित्र ठेवलं होतं. त्यांनी नवीन टोपी घातली होती. माझ्या होणाऱ्या सासूबाई आल्या, मागं त्यांच्या जावा, मागं गावच्या बायका. जागा अडचणीची, त्यामुळे सगळ्या अगदी चित्राला नाक लावून उभ्या. लांबून बघायला जागाच नव्हती. आणि जवळून त्या चित्रात काय होतं? रस्ताभर पडलेले पांढरट सुटे ठिपके. घरांच्या छपरांवर ठिपके. झाडांना एक पान नाही.

"आगं बया," चुलत सासूबाई म्हणाल्या, "गारा!"

मांडवात कुजबूज सुरू झाली. मग त्याच बाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या राखरांगोळीची तसबीर लावली व्हय मांडवात? सोनेरी फ्रेम करून?"

"न्हाई, न्हाई," दादा पुढं आले. "बर्फ हाय त्यो. फारेनचं गाव हाय. तुमी जरा लांबून बघा, लांबून..."

"कशाला लांबून? आमी लई जवळून बघितल्यात."

दादांनी माझ्या सासूबाईंकडे बघितलं. त्या चित्राकडं बघत राहिल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. झालं. वरमाई मांडवात रडली! ह्याहून मोठा अपशकून पोरीच्या बापाला कुठला? दादांनी डोक्यावरची नवी टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "चुकलं माझं. पोरीची चूक न्हाई, म्याच ठिवलं हितं." आणि स्वतःच्या हातानं ते चित्र उलटं करून ठेवलं. प्लायवूडची तपकिरी पाठ मांडवाकडे आणि बर्फ भिंतीकडे.

खिडकीआड मी मुंडावळ्या बांधून बसलेली. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला. कशाची माफी? काय चुकलं होतं आमचं? दादांनी टोपी काढली ते मला सहनच होईना. त्या संतापातच अक्षता पडल्या, त्या संतापातच जेवले. आणि पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका मुसमुसत होत्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. दादा ओक्साबोक्शी रडत होते आणि मी दात आवळून जीपमध्ये बसले. मागून कुणीतरी म्हणालंच, "बाई बाई, पोरगी रडली सुदिक न्हाई. काळीज हाय का दगुड?"

ते दादांनी ऐकलं. त्यांची मान खाली गेली ती मी मागच्या काचेतून बघितली.

रुखवत सासरी न्यावंच लागतं, म्हणून चित्रही टेंपोत आलं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्यांनी ते धान्याच्या कणगीमागं भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. मला वाटायचं, बाईनं मनात ठेवलंय. कणगीतून ज्वारी काढताना सोनेरी पट्टीची कड दिसायची आणि माझं तोंड कडू व्हायचं. रंग मी पुन्हा हातात धरले नाहीत. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची तेवढीच माझी कला. नवरा मला चिडवायचा, "शिंगाची सावली निळी काढ बरं का." मनानं फार चांगला माणूस.

पण दादांचं काय सांगू? व्याह्याच्या घरी आले की खाटेच्या अगदी कडेला बसायचे, उठायच्या तयारीत. चहा अर्धा ठेवायचे. जेवायचा आग्रह केला की पोट बिघडलंय. आत्या समोर आल्या की त्यांची नजर जमिनीवर. पुढं घरी फोन आला, तर चैत्र-वैशाखात रोज फोन. मी कशी आहे हे विचारायचेच नाहीत. "तिकडं आभाळ कसं हाय?" एवढंच. आभाळ स्वच्छ म्हटलं की फोन ठेवून द्यायचे. माझ्या पोरीनं त्या घरात गारा नेल्या, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. आणि मी तोऱ्यात. मी म्हणायचे, गारा नव्हत्याच त्या, बर्फ होता, तुम्हाला कुणाला चित्र कळत नाही तर मी काय करू?

अशी वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं, माझी मुलं शाळेत जायला लागली. आणि एका चैत्रात पुन्हा आभाळ भरून आलं.

दुपार कलत आली होती. आम्ही सगळे कांद्यावर प्लॅस्टिकचे कागद ओढत होतो. पहिली गार माझ्या मनगटावर बसली आणि आम्ही घराकडे पळालो. पत्र्यावर असा काही आवाज सुरू झाला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. मुलं माझ्या मांडीत तोंड खुपसून बसली. आत्या देवापुढं हात जोडून बसल्या. सासरे खांबाला टेकून नुसते बघत होते. किती वेळ चाललं कोण जाणे.

थांबलं तेव्हा आधी सासरे आणि माझा नवरा बाहेर पडले, शेत बघायला. मी दारात आले, आत्या माझ्यामागं. पश्चिमेला ढग जरा उचलला होता आणि खालून ऊन आलं होतं, तिरपं, पिवळं. सगळं गाव पांढरं. रस्ता पांढरा, छपरं पांढरी, शेवग्याला एक पान नाही. वळणावरून माझा नवरा आणि सासरे पाठमोरे चालले होते, दोन काळपट ठिपके. आणि शेवग्याची लांब सावली त्या गारांवर पडली होती.

"निळी!" मी ओरडले. "आत्या, बघा, निळीच आहे सावली! अगदी तश्शीच!"

मी हसत होते. हे मला लिहितानाही नको वाटतंय, पण हसत होते. इतक्या वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. मी बरोबर होते, माझा रंग बरोबर होता, कधी न बघितलेली गोष्ट मी बरोबर काढली होती!

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ओळख नसलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांनी कोपऱ्यातली पाटी उचलली आणि अंगणात मेलेल्या कोंबड्या गोळा करायला गेल्या. गारांवरून त्यांचे अनवाणी पाय जात होते. मी दारातच. रस्त्याच्या वळणावर माझा नवरा बांधावर मटकन खाली बसलेला दिसला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमचा कांदा. आमचे टोमॅटो. मुलांच्या शाळेचं, घराचं, सगळं त्या शेतावर. आणि मी काय म्हणाले?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नात चुलत सासूबाई बोलल्या, की त्यांच्या राखरांगोळीची आम्ही तसबीर केली, ते तेव्हा खोटं होतं. आज मी स्वतः ते खरं करून दाखवलं होतं. त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. आत्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि माझी त्यांच्यासमोर जायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच एसटीनं दादा आले. गारा पडलेल्या घरी पाहुणे भेटायला येतात आमच्याकडे, दुखवट्याला यावं तसे, बरोबर भाकरी बांधून. दादांच्या हातात गाठोडं होतं. दारातच त्यांनी टोपी काढली. परत तीच टोपी, परत तेच हात! खाटेच्या कडेला बसले, खाली बघत म्हणाले, "विहीणबाई, काय बोलू आता."

मी आत दाराआड उभी होते. आता आत्या सांगणार. जे काय मला बोलायचं ते बोला, मारा, पण ह्या माणसाला सांगू नका, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

आत्या म्हणाल्या, "पावणं, काय बोलायचं? दैवानं नेलं. पण एक सांगते. तुमची लेक लई रडली काल."

दादांनी मान वर केली.

"लई म्हंजे लई. दारात उभी राहून हमसून हमसून रडली. मलाच तिला धीर द्यावा लागला. आमच्या पोटच्या पोरीला लागलं नसतं एवढं लागलं तिला."

दादा हळूहळू मागं सरकले आणि भिंतीला टेकले. इतक्या वर्षांत त्या घरात ते पहिल्यांदा भिंतीला टेकले. मग म्हणाले, "च्या व्हईल का जरा?"

आत्या चहा टाकायला आत आल्या. मी हळूच म्हटलं, "आत्या, मी कुठं रडले?"

"मंग काय सांगू त्यांला?" आत्या चुलीत फुंकर मारत म्हणाल्या. "तू काय म्हणलीस, ते सांगू?"

चहा दादांनी पूर्ण प्यायला. परत मागितला. आणलेल्या भाकरीतली एक आत्यांच्या हातावर ठेवली आणि एक स्वतः खाल्ली, पोटाचं कारण सांगितलं नाही. मी त्यांना सोडायला एसटी स्टँडपर्यंत गेले. दादा वाटेत शेतं बघत चालले होते. स्टँडवर आल्यावर म्हणाले, "खरं सांगू का तुला? येताना एसटीत माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

"का?"

"म्हटलं, ही पोर बाहेर आली असंल आन् बघत उभी राह्यली असंल. सावली निळी हाय का पिवळी. मी वळखतो ना तुला." ते हसले. "पण न्हाई. तू रडलीस. लई बरं वाटलं बघ, पोरी. आता मी मेलो तरी चालंल."

"असं काय बोलता, दादा," मी म्हटलं.

एसटी आली. दादांनी खिडकीतून हात केला, टोपी पुन्हा डोक्यावर होती. गाडी वळणाआड गेली आणि मी पदर डोळ्यांना लावला. निदान आता तरी रडावं, म्हणजे आत्यांचं बोलणं एक दिवस उशिरा का होईना खरं होईल. पदर दाबून धरला, चुलतीच्या कुरडया आठवल्या, नवऱ्याचं बांधावरचं बसणं आठवलं. रडू येईना. पदर खाली घेतला. स्टँडच्या भिंतीच्या आडोशाला गारांचा एक ढीग अजून विरघळायचा राहिला होता. त्याच्या एका कडेवर सकाळचं ऊन होतं, आणि बाकीच्यावर भिंतीची सावली. निळी.

दादा म्हणाले होते तशीच, मी ती बघत उभी राहिले.